मार्सियासच्या बाई

सातव्या दालनात साडेतीनशे वर्षांपासून एका जिवंत जिवाची कातडी सोलणं चालू होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून लोक सेल्फी काढायचे. बाईंचं डोकं दिवसातून किमान चार वेळा फिरायचं ते यावरून. "तो झाडाला बांधलाय, बोंबलतोय, आणि ही बया ओठांचा चंबू करतेय!" असं माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणायच्या आणि लगेच पुढे होऊन इंग्रजीत, "मॅडम, टू फीट बॅक, प्लीज." त्यातलं 'प्लीज' असं यायचं की समोरची मॅडम दोन नाही, चार फूट मागे जायची.

टोरांटोतल्या एका म्युझियममध्ये आम्ही दोघं गार्ड होतो. बाई सतरा वर्षांपासून, मी सहा-सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर. तासाभरावरच्या किचनर शहरातल्या कंपनीने आमची सॉफ्टवेअर टेस्टिंगची अख्खी टीम एका सकाळी एका व्हिडिओ कॉलवर घरी बसवली होती. बायको-मुलीला घेऊन मी टोरांटोत, नॉर्थ यॉर्कला एका बेसमेंटमध्ये आलो आणि मिळाली ती नोकरी धरली. काळी पँट, काळा कोट, कानात वॉकीटॉकीची वायर. नागपूरला आईला सांगितलं होतं, म्युझियममध्ये आहे. काय आहे ते सांगितलं नव्हतं.

बाई वसईच्या. ख्रिस्ती. साठीच्या जवळपास, ठेंगण्या, केस पुरुषासारखे कापलेले. पहिल्या दिवशी माझी नेमप्लेट वाचून त्यांनी विचारलं, "गाव?" मी म्हटलं, "नागपूर." त्या दिवसापासून माझं नाव नागपूर. मी सुरुवातीला त्यांना 'आंटी' म्हणालो, तर म्हणाल्या, "मी तुझ्या आईची बहीणही नाही आणि बापाचीही नाही. बाई म्हण. शाळेत म्हणायचास तसं." मग मी बाई म्हणू लागलो, आणि शाळेसारखाच घाबरूही लागलो.

त्या चित्राची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. बरोक काळातलं इटलीचं तैलचित्र, चित्रकाराचं नाव माहीत नाही. निम्म्याहून जास्त कॅनव्हास नुसता काळाकुट्ट, आणि डावीकडून कुठून तरी उजेड येऊन पडलाय तो थेट त्या उघड्या अंगावर. मार्सियास म्हणजे कमरेखाली बकऱ्याचे पाय असलेला रानातला जीव. त्याला एक पावा सापडला. तो इतका सुंदर वाजवू लागला की अपोलो नावाच्या देवाशी त्याची स्पर्धा लागली. जो जिंकेल त्याने हरलेल्याचं वाटेल ते करावं. पावा एकीकडे, देवाचं तारांचं वाद्य दुसरीकडे. पहिल्या फेरीत कोणीच हरेना.

"मग देव काय करतो?" बाई विचारायच्या. "देव वाद्य उलटं धरतो आणि वाजवतो. म्हणतो, आता तू पावा उलटा धरून वाजव. वाजेल पावा उलटा? सांग ना, वाजेल?"

"नाही बाई."

"झालं. तू हरलास. आण सुरी." मग चित्राकडे न बघता, अंगठ्याने मागे दाखवत म्हणायच्या, "हरला नाही तो. हरवला त्याला."

अपोलोचा चेहरा त्या चित्रात अगदी शांत आहे. हातात सुरी, गालावर उजेड, आणि चेहऱ्यावर काहीच नाही, बँकेत फॉर्म भरणाऱ्या माणसासारखा. बाईंना त्या शांतपणाचा सगळ्यात जास्त संताप यायचा. "बघ, रागसुद्धा नाही त्याला. राग असता तर एक वेळ समजलं असतं."

बाई मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात चित्रं दुरुस्त करायच्या. बारा वर्षं. नवरा आणि मुलीबरोबर इथे आल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, तुमची पदवी इथे चालत नाही, इथला कोर्स करा. रात्रपाळीत डोनट विकून त्यांनी कोर्स केला. मग सांगण्यात आलं, कॅनेडियन एक्सपिरियन्स हवा. तो मिळावा म्हणून दोन वर्षं फुकट काम केलं. मग सांगण्यात आलं, आता या पदासाठी पीएचडी लागते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, स्टाफरूममध्ये डबा उघडताना, आणि पुढे म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, निदान चित्रांच्या खोलीत तरी उभी राहू दे मला." डब्यातल्या माशांच्या कालवणावरून तिथे नेहमी कुरबूर व्हायची. कोणी तरी मायक्रोवेव्हवर 'मासे गरम करू नयेत' अशी इंग्रजीत पाटी लावली होती. बाईंनी खाली मराठीत लिहिलं : 'नाक तुमचं, प्रश्नही तुमचाच.' ती ओळ कोणाला वाचता येईना आणि पुसायची हिंमतही होईना.

सरळ सांगतो, त्या गोड बाई नव्हत्या. सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक खायच्या नाहीत. म्हणायच्या, नोकरीवरून काढायचं असलं की आधी केक आणतात. चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिस्सा व्हायची, तिथल्या गायनमंडळाशी त्यांचं तीन वेळा भांडण झालं होतं, तिन्ही वेळा सुरावरून. देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला राहणाऱ्या मुलीशी फोनवर बोलायच्या त्या मराठीत, मुलगी उत्तर द्यायची इंग्रजीत, आणि शेवटी बाई फोनकडे बघून म्हणायच्या, "ठेवला." 'सॉरी' या शब्दावर तर त्यांचा जाहीर राग होता. "इथे सॉरी म्हणजे माफी नाही रे. इथे सॉरी म्हणजे बाजूला हो." मी लक्ष ठेवून पाहिलं. दहातल्या नऊ वेळा खरंच तसं होतं.

एकदा शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीची मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि म्युझियमची गाइड, सोनेरी केसांची एक हसरी मुलगी, त्यांना समजावत होती, की बघा, मार्सियासला गर्व झाला, म्हणून त्याला शिक्षा झाली. आपल्यापेक्षा मोठ्यांना आव्हान देऊ नये, हा या चित्राचा धडा. कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला, "नो!"

सगळी मुलं वळली. गार्डने बोलायचं नसतं. गार्ड म्हणजे भिंत.

"हू चेंज्ड द रूल?" बाई दोन पावलं पुढे आल्या. "टेल देम. टेल द चिल्ड्रन हू चेंज्ड द रूल!" आणि त्यांनी हातातली वॉकीटॉकी उलटी धरून, त्या उलट्या पाव्यात फुंकून दाखवलं. पोरं खदखदून हसली. मग पुढे बसलेल्या एका जाड चष्म्याच्या मुलीने हात वर करून विचारलं, "सो अपोलो चीटेड?"

"येस," बाई म्हणाल्या. "थँक यू."

त्या 'येस'बद्दल त्यांना लेखी वॉर्निंग मिळाली. ती त्यांनी घडी घालून बुटात ठेवली. म्हणाल्या, बूट सैल होतोय.

पण मला सांगायचंय ते चित्राच्या कोपऱ्याबद्दल.

रोज सकाळी म्युझियम उघडायच्या आधी दहा मिनिटं बाई एक विधी करायच्या. दालनातले दिवे बंद ठेवायच्या आणि आपला छोटा टॉर्च भिंतीला लावून, चित्राच्या कडेने आडवा धरायच्या. समोरून सपाट दिसणारं चित्र त्या तिरप्या उजेडात एकदम डोंगरदऱ्यांसारखं दिसू लागायचं. प्रत्येक भेग, प्रत्येक उंचवटा. मग त्या वहीत पेन्सिलीने नोंद करायच्या आणि भेगांचं लहानसं चित्रही काढायच्या. अशा अकरा वह्या होत्या. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "नागपूर, इकडे ये. गुडघ्यावर बस. आता बघ." खालचा डावा कोपरा. मार्सियासच्या खुराच्या जरा बाजूला, काळ्या रंगात, उजेड आडवा पडला की लहान लहान फोड दिसत होते, तापलेल्या पापडावर येतात तसे. "रंग कॅनव्हास सोडतोय. मागून ओल आहे. हात लाव भिंतीला. चित्राला नाही रे, भिंतीला!" मी लावला. भिंत घामेजल्यासारखी लागली. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात नवीन कॅफे केला होता. त्याचे पाइप याच भिंतीतून नेले होते.

बाईंनी त्याच दिवशी सिक्युरिटी मॅनेजरला ईमेल केली. हा मॅनेजर अतिशय गोड बोलणारा माणूस. त्याने धन्यवाद दिले, आणि हे तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही याची हळुवार आठवण करून दिली. डिसेंबरात दुसरी ईमेल. या वेळी क्युरेटरबाई स्वतः खाली आल्या. तिशीच्या, हुशार, पीएचडी झालेल्या. दालनातले सगळे दिवे लावून, समोर उभ्या राहून त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "आय डोन्ट सी इट, बट वी'ल फ्लॅग इट." बाईंनी टॉर्च पुढे केला. क्युरेटरबाईंनी तो घेतला नाही. घड्याळ बघितलं आणि "सॉरी" म्हणून निघून गेल्या.

"फ्लॅग करतात म्हणे," बाई लाल झाल्या होत्या. "झेंडा लावला की गळती थांबते का? टॉर्च घेतला असता हातात तर बोटं झिजली असती का हिची?"

मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाई. आपलं काय जातंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. टॉर्च खिशात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा हाक, "नागपूर, गुडघ्यावर बस." आणि तिसऱ्या दिवशीही. जानेवारीपर्यंत रोज. मला त्या फोडांची ओळख झाली होती. एकूण चार होते, मग सात झाले, मग दोन एकमेकांत मिसळले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते ठेवलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी बर्फाचं वादळ सुरू होतं. शहरात बस रुतून बसल्या होत्या. दालनांत मोजून पाच-सहा माणसं. अडीचच्या सुमाराला वर काही तरी दणकल्यासारखा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने सातव्या दालनाच्या भिंतीवरून, छताच्या कडेपासून, पाण्याची एक सरळ रेघ खाली येऊ लागली. मग दुसरी. दोन्ही चित्राच्या मागे जात होत्या.

नियम पाठ होता. दालन रिकामं करा, वॉकीटॉकीवर कळवा, कशालाही हात लावू नका, तज्ज्ञांची वाट बघा. मी दालन रिकामं केलं आणि कळवलं. पलीकडून उत्तर आलं, तज्ज्ञांना फोन केलाय, ते हायवेवर अडकलेत, एक तास तरी लागेल, स्टँड बाय.

"एक तास?" बाई म्हणाल्या. "एका तासात मागची चौकट पाणी पिऊन फुगेल. कॅनव्हास ताणला जाईल. सगळा खालचा भाग झडेल."

"बाई, स्टँड बाय म्हणतायत."

चित्र वरून दोन साखळ्यांनी टांगलेलं होतं आणि खालची कड नुसती भिंतीला टेकलेली होती. रुंदीला माझ्या दोन्ही हातांच्या कवेपेक्षा मोठं आणि जड. बाईंनी कोट काढून फेकला, खाली वाकून खांदा चौकटीखाली घातला आणि खालची कड भिंतीपासून पुढे उचलली. चित्र आणि भिंत यांच्यात फट पडली. पाणी आता चित्राला न लागता भिंतीवरून सरळ खाली जाऊ लागलं. एवढंच करायचं होतं. पण ती फट धरून ठेवायला कोणी तरी हवं होतं.

"नागपूर! बाकावरच्या उशा आण. मध्ये घाल. दोन्ही बाजूंना."

मी कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याचा लाल दिवा चालू होता.

"नागपूर!"

मी उशा आणल्या. पण हाताने घातल्या नाहीत. जमिनीवर ठेवून पायाने पुढे सरकवल्या. हात लावायचा नाही हा नियम होता ना. त्या उशा मग बाईंनीच एका हाताने उचलून, ओली बाही रंगाला लागू नये म्हणून ती दातात धरून, चौकटीच्या मागे कशा कोंबल्या ते मी दोन फुटांवरून बघितलं. चित्र हललं की कोपऱ्यातले फोड झडतील म्हणून त्यांनी तिथे डावा तळहात टेकवला. दाबला नाही. ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा ठेवला. उशा ओल्या होऊन घसरू लागल्या तेव्हा पुन्हा खांदा दिला. वर जाऊन कोणी तरी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं ती ठेंगणी बाई त्या चौकटीखाली, मार्सियासच्या पायांशी, वाकून उभी होती. डोक्यावर पाणी गळत होतं. मधूनमधून 'देवबापा' म्हणत होती, आणि मधूनमधून मला शिव्या देत होती. त्या मी इथे लिहीत नाही. सगळ्या योग्य होत्या.

मी स्टँड बाय होतो.

चित्र वाचलं. कोपऱ्यातला नाण्याएवढा रंग तेवढा झडला.

पुढच्या आठवड्यात चौकशी लागली. चौथ्या मजल्यावर मला एका स्वच्छ खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि एक फॉर्म पुढे ठेवला. तीन प्रश्न होते. गार्डने चित्राच्या रंगवलेल्या भागाला हात लावला का? तुम्ही तिला नियमाची आठवण दिली का? कोपऱ्यातलं नुकसान घटनेच्या आधीपासून होतं का? प्रत्येकापुढे तीन चौकोन : हो, नाही, सांगता येत नाही. खाली दोन ओळी लिहायलासुद्धा जागा नव्हती. फॉर्म बनवणाऱ्याचं हे कसब मला आजही सलतं. ज्या फॉर्मवर माणसाला 'हो, पण' लिहायला जागा नसते, तो फॉर्म नसतो, सुरी असते.

पण फॉर्मला शिव्या देऊन माझी सुटका होत नाही. पहिल्या दोन्ही प्रश्नांना मी हो म्हटलं. ते खरं होतं. तिसऱ्यावर पेन थांबलं. समोर बसलेली एचआरची अधिकारी अगदी सौम्यपणे म्हणाली, "तुम्ही काही तज्ज्ञ नाही, आम्हाला कल्पना आहे. आणि तुमचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यूला आहे, नाही का?" या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तिने म्हटलं नाही. मी तिसऱ्या चौकोनावर टिक केली. सांगता येत नाही.

बाईंनी अकराच्या अकरा वह्या नेऊन टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांना सांगण्यात आलं, या वैयक्तिक नोंदी आहेत, अधिकृत नाहीत. अधिकृत नोंद कोण करतं, तर ज्यांनी टॉर्च हातात घेतला नव्हता ते. कोपऱ्याचं नुकसान बाईंच्या हाताने झालं असं ठरलं. सतरा वर्षांची नोकरी गेली, आणि वर, दोन वर्षं म्युझियमच्या आवारात पाऊल टाकायचं नाही अशी नोटीस.

त्या दिवशी लॉकर रिकामा करून त्या निघाल्या तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. त्यांना टाळायला वळलो होतो, पण उशीर झाला.

"तिसऱ्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

"बाई, सांगता येत नाही, असं..."

"तुला सांगता येत नाही?" आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी गुडघ्यावर बसवून दाखवलं तुला. किती फोड होते शेवटच्या दिवशी?"

"सहा," मी म्हणालो. "दोन मिसळले होते."

"येतं की सांगता."

मी त्यांच्या वाटेत उभा होतो. त्या माझ्यासमोर थांबल्या. मग अगदी इथल्या लोकांसारख्या, मऊ, सपाट आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी."

मी बाजूला झालो.

चित्र दुरुस्तीसाठी खाली उतरवलं. मे महिन्यात माँट्रियालहून एक म्हातारी तज्ज्ञ आली. फ्रेंच, सिगरेटने घोगरा झालेला आवाज. तिने मागचं लाकूड तपासलं, कोपरा भिंगाखाली धरला, त्या दिवशीचे फोटो बघितले आणि सगळ्यांसमोर विचारलं, उशा कोणी घातल्या? सगळे मॅनेजरकडे बघू लागले. दाराशी ड्युटीवर मी होतो. ती म्हणाली, ओल कित्येक महिन्यांची आहे. त्या दिवशीच्या हाताने नुकसान झालेलं नाही, उलट तो हात तिथे नसता तर खूर गेला असता, कदाचित अख्खा पायसुद्धा. हे ज्याने केलं त्याला हे काम येतं.

मी सांगितलं, बाईंनी. त्याच संध्याकाळी बसून दोन पानं लिहिली. फोडांसकट, तारखांसकट, पायाने सरकवलेल्या उशांसकट. ती पानं सगळ्यांना पाठवली. इथे कोणी माझं कौतुक करू नये म्हणून हेही सांगतो : त्याच्या चार दिवस आधी मला किचनरच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं. चौकशीच्या वेळी माझ्याकडे जे धाडस नव्हतं ते मे महिन्यात त्या लेटरबरोबर ईमेलने आलं.

झालं काय? माझ्या ईमेलला 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. म्युझियमच्या पत्रिकेत छापून आलं की कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन नियमांचं तंतोतंत पालन केल्यामुळे एक अनमोल चित्र वाचलं. शेजारी हसऱ्या मॅनेजरचा फोटो. बाईंचं नाव नाही, नोटीस कायम. मी ती पत्रिका फाडली, मग चिकटपट्टीने जोडली आणि त्या तज्ज्ञ म्हातारीच्या अहवालाची प्रत घेऊन बाईंच्या अपार्टमेंटवर गेलो.

दार उघडलं, पण साखळी निघाली नाही. फटीतून अर्धा चेहरा दिसत होता. मी अहवाल आत सरकवला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या सगळा वाचला.

"आणि तू? तू लिहिलंस काही?"

"लिहिलं बाई. दोन पानं."

"कधी?"

"मे महिन्यात."

"नोकरी लागायच्या आधी की नंतर?"

त्यांना कसं कळलं, देव जाणे. माझ्या पायातले नवे बूट दिसले असतील. मी म्हणालो, "नंतर."

"हं," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी त्यांचा फोन येईल असं धरून चाललो नव्हतो. डिसेंबरात आला. त्या सगळं आवरून मुलीकडे कोक्विटलामला गेल्या होत्या. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "चित्र परत लावलंय म्हणे. जाऊन बघ, कोपरा कसा भरलाय. मला येऊ देत नाहीत. आणि फोटो काढू नकोस, फोटोत काही कळत नाही. डोळ्यांनी बघ आणि सांग."

शनिवारी मी किचनरहून गाडी काढली, तिकीट घेतलं आणि सातव्या दालनात गेलो. भिंत कोरडी, नवा रंग. चित्राखाली देणगीदारांच्या नावांची नवी पाटी. कानाला फोन लावून मी कोपऱ्याकडे बघू लागलो.

"रंग काळाच आहे बाई. छान दिसतंय."

"छान म्हणजे काय? लग्नाला गेलायस का? कुठला काळा? आजूबाजूच्यापेक्षा गार आहे की ऊबदार?"

"जरा... निळसर वाटतो."

"निळसर! शेजारी तपकिरी आहे ना? मग निळसर कसा चालेल? चमक? बाजूने बघ. समोर काय उभा राहिलास!"

मी बाजूला सरकलो, वाकलो. दोन हजार मैलांवरून त्या माझ्यावर ओरडत होत्या आणि मी जसं दिसेल तसं सांगत होतो, दर वेळी चुकत होतो, पुन्हा बघत होतो. मध्येच मी विचारलं, "बाई, माझ्यावरचा राग गेला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खुराजवळची भेग किती लांब आहे, ते सांग."

तेवढ्यात खांद्याशी कोणी तरी उभं राहिलं. नवीन गार्ड. पन्नाशीची बाई, फिलिपीन्सची असावी, काळा कोट तिला मोठा होत होता. "सर, नो फोन कॉल्स इन द गॅलरी. अँड टू फीट बॅक, प्लीज." मग जरा थांबून, "सॉरी."

मी दोन फूट मागे झालो. फोनमधून आवाज येतच होता, "कोण आहे? गार्ड आहे का? दे तिला फोन."

"बाई, अहो, तिची नोकरी..."

"दे म्हणते ना!"

मी फोन पुढे केला. का कोण जाणे, त्या गार्डने घेतला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, आख्ख्या दालनाला येत होतं. तुझं नाव काय, इथे किती दिवस झाले, सकाळी किती वाजता येतेस, टॉर्च आहे का, डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे कोणी बघतं का. ती आधी गोंधळली, मग "नो मॅम" म्हणाली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तिने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढून त्याचा दिवा लावला, तो भिंतीला टेकवून आडवा धरला, आणि माझा फोन तसाच कानाशी दाबून, त्या चित्रासमोर गुडघ्यावर बसली.